जुन्या संगणकाची तक्रार: दोष यंत्रात आहे की ब्राउझरमध्ये?

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात सांगतो. आपल्या घरी विंडोज 7 वर चालणारा जुना डेस्कटॉप आहे. त्याचा मूळचा आवाज खरखरू लागल्यामुळे आपण दुसऱ्या एका जुन्या यंत्रातले साउंड कार्ड त्यात बसवले आणि इंटरनेटसाठी यूएसबीला लावायचे वाय-फाय अडॅप्टर घेतले. तेव्हापासून आवाज कधी येतो, कधी येत नाही. वाय-फाय मध्येच तुटते. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की संगणक अडकतो. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले असेल तर सकाळी तारीख 2009 सालची दिसते आणि जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर 'आपले कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येतो. शिवाय हा ब्राउझर यापुढे अद्ययावत होणार नाही, अशी पट्टी वरती कायम असते. नव्या कार्डामुळे हार्डवेअरचा संघर्ष झाला असावा, असे आपल्याला वाटते. घरच्यांना व्हायरसचा संशय आहे. आणि या संगणकावरून बँकेचे व्यवहार करावेत की नाही, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

या साऱ्या तक्रारी एकाच सुमारास जाणवू लागल्या म्हणून त्यांचे कारणही एकच असेल, असे मानू नका. जुन्या संगणकात तक्रार एका ठिकाणी दिसते आणि दोष दुसऱ्याच ठिकाणी असतो, हे फार वेळा घडते. ब्राउझरमध्ये दिसणारा इशारा मदरबोर्डवरच्या (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) एका लहानशा सेलमुळे येतो, आणि संपूर्ण यंत्र अडकण्याचे कारण ब्राउझरच्या एका सेटिंगमध्ये सापडते. म्हणून प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे तपासावी आणि एका वेळी एकच बदल करावा, एवढा नियम आपण पाळलात तर बाकीचे काम अवघड नाही. कशालाही हात लावण्यापूर्वी मात्र महत्त्वाच्या फाइली आणि फोटो यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. इतकी वर्षे चाललेली हार्ड डिस्क कधी साथ सोडेल, याचा भरवसा नसतो.

तारखेपासून सुरुवात करू, कारण तिथे निदान जवळजवळ निश्चित आहे. संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल करतो. तो बहुधा सीआर2032 या क्रमांकाचा, 3 व्होल्टचा असतो. तो उतरला की वीज गेल्याबरोबर घड्याळ बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरवून दिलेल्या तारखेवर जाते. आता ब्राउझरची बाजू पाहा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' अशी मुदत असते. सप्टेंबर 2020 पासून दिलेली अशी प्रमाणपत्रे 398 दिवसांपेक्षा जास्त मुदतीची असली, तर प्रमुख ब्राउझर ती स्वीकारत नाहीत. आपला संगणक 2009 सालात असल्यामुळे आजची सगळी प्रमाणपत्रे त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेली नाहीत, आणि म्हणून ब्राउझर ती नाकारतो. यात व्हायरसचा काही संबंध नाही. तारीख हाताने बरोबर केली की दिवसभर सगळे सुरळीत चालते, असे आपण लिहिले आहे. तोच याचा पुरावा आहे.

सेल घरी बदलता येतो, पण त्याआधी बायोसमध्ये जाऊन तिथल्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि साटा मोड (हार्ड डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत) 'आयडीई' आहे की 'एएचसीआय', हे विशेष काळजीने नोंदवा. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात, आणि हा मोड बदलला गेला तर विंडोज 7 सुरू होताना निळा पडदा येतो, ज्यावर शेवटी 7बी असलेला दोषक्रमांक दिसतो. पुष्कळ लोक इथे घाबरून विंडोज नव्याने टाकतात. खरे तर तो एकच मोड पूर्ववत केला की यंत्र पहिल्यासारखे सुरू होते. प्रत्यक्ष काम करताना संगणक बंद करून वीजजोडणीची केबल काढा, पुढचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. सेल ज्या खोबणीत असतो तिच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. ती नखाने बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलली की सेल एका बाजूने वर उचलला जातो. नवा सेल अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवा. त्याच आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे एलआयआर2032 सेलही मिळतात. ते घेऊ नका, त्यांचा व्होल्टेज जास्त असतो.

तारीख बरोबर असूनही एखाद्या संकेतस्थळावर इशारा येत राहिला, तर कारण वेगळे असते. प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवण्यासाठी लागणाऱ्या मूळ संस्थांची यादी जुन्या विंडोजमध्ये जुनीच राहिलेली असते. 30 सप्टेंबर 2021 रोजी असेच एक मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि अनेक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. फायरफॉक्स मात्र ही यादी स्वतःजवळ बाळगतो, त्यामुळे दुसऱ्या ब्राउझरमध्ये अडणारे पान तिथे उघडले तर हेच कारण समजावे. कोणत्याही परिस्थितीत, बँकेच्या पानावर असा इशारा आला असताना 'तरीही पुढे जा' हा पर्याय निवडू नका.

आता आपण ज्याला हार्डवेअरचा संघर्ष म्हणता त्याकडे येतो. ही कल्पना खोटी नाही, पण ती मुख्यतः एका जुन्या काळातली आहे. पूर्वीच्या घरगुती संगणकात प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणांना 0 ते 15 अशा अवघ्या सोळा वाटा होत्या. त्यांना आयआरक्यू म्हणतात. त्यातल्या बऱ्याच कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी आधीच घेतलेल्या असत, आणि उरलेल्यांसाठी कार्डावरचे छोटे जंपर हलवून क्रमांक ठरवावा लागे. पहिल्या आणि तिसऱ्या सीरियल पोर्टला (मोडेम, माउस जोडण्याच्या जुन्या जागांना) 4 हा एकच क्रमांक मिळत असल्यामुळे मोडेमने फोन लावला की माउस थिजायचा. त्या काळी संगणक वापरलेल्यांना हे आठवत असेल. पुढे पीसीआय पद्धतीच्या स्लॉटमध्ये अनेक उपकरणांनी एकच वाट वाटून घेण्याची सोय आली आणि विंडोज 95 पासून क्रमांकांचे वाटप यंत्रावर सोपवले गेले. त्यामुळे आपल्या संगणकात 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडून 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग' या नावाखाली लांबलचक यादी दिसली, तर ती दोषांची यादी समजू नका. तिथली बहुतेक उपकरणे एकमेकांशी भांडत नसून एकच वाट व्यवस्थित वाटून घेत असतात.

खरा दोष पाहायचा असेल तर स्टार्ट मेनूमधल्या 'कॉम्प्युटर' वर उजवी क्लिक करून 'मॅनेज' आणि त्यात 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ज्या उपकरणाच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल त्यावर दोनदा क्लिक केल्यास एक कोड दिसतो, आणि तो कोड म्हणजे निम्मे निदान असते. कोड 28 म्हणजे ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) बसवलेलाच नाही. कोड 10 म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. इथे बहुधा ड्रायव्हर चुकीचा असतो. कोड 43 म्हणजे उपकरणानेच आपल्यात बिघाड असल्याचे विंडोजला कळवले आहे. यूएसबीच्या बाबतीत आधी पोर्ट आणि केबल बदलून पाहावी. ज्याला खऱ्या अर्थाने संघर्ष म्हणता येईल तो कोड 12: उपकरणाला लागणारी साधनसामग्री मोकळी नाही. कोड 12 आला तर संगणक बंद करून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा, किंवा ज्यांचा आपण वापरच करत नाही असे सीरियल पोर्ट, प्रिंटरचे जुने समांतर पोर्ट आणि मदरबोर्डवरचा मूळ ऑडिओ बायोसमधून बंद करा.

आपल्या साउंड कार्डाच्या बाबतीत मला मात्र कोड 12 पेक्षा साधी शक्यता अधिक वाटते. आता आपल्या यंत्रात आवाजाची दोन उपकरणे आहेत, एक मदरबोर्डवरचे आणि एक कार्डावरचे. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर तिसरेही आहे. विंडोज त्यांपैकी एकाला मुख्य मानते, आणि एखादे उपकरण पुन्हा ओळखले गेले की ही निवड बदलू शकते. आवाज नाहीसा झाला नसून दुसऱ्याच वाटेने जात आहे, असे अनेकदा आढळते. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'प्लेबॅक डिव्हायसेस' उघडा, गाणे चालू ठेवा आणि कोणत्या उपकरणापुढची हिरवी पट्टी हलते ते पाहा. ती ज्याच्यापुढे हलते आहे त्याला स्पीकर जोडलेले नसतील, तर आपल्याला हवे ते उपकरण 'सेट डिफॉल्ट' करा. हे करूनही त्रास राहिला तर बायोसमधून मूळ ऑडिओ बंद करणे, हा पक्का उपाय आहे. मात्र कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे हेडफोनचे भोक बहुधा मदरबोर्डच्या ऑडिओलाच जोडलेले असते, त्यामुळे मूळ ऑडिओ बंद केल्यावर तेही मुके होईल. तो बिघाड नव्हे.

कार्ड दुसऱ्या यंत्रातून आणलेले असल्यामुळे त्याचा ड्रायव्हर विंडोज 7 साठीचाच आहे ना, आणि आपले विंडोज 32 बिटचे की 64 बिटचे, हे जुळवून पाहा. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर' असे सांगणारे प्रोग्रॅम कृपया टाकू नका. त्यांनी चुकीचे ड्रायव्हर बसवून चालते यंत्र बंद पाडल्याची उदाहरणे माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पुन्हा पुन्हा असतात, आणि त्यांतले काही प्रोग्रॅम स्वतःच नको त्या गोष्टी सोबत आणतात. वाय-फाय अडॅप्टरपुढे कोड 52 दिसला तर त्याचा अर्थ असा की ड्रायव्हरवरची डिजिटल सही आपले विंडोज ओळखत नाही. नव्या ड्रायव्हरवर नव्या पद्धतीची सही असते आणि ती ओळखण्यासाठी विंडोज 7 ला 2019 सालचे एक अद्यतन बसवलेले असावे लागते.

अडॅप्टरला कोणताही कोड नसेल आणि तरीही ते मध्येच तुटत असेल, तर पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर वीज मिळते. एकाच हबवर (एका पोर्टला अनेक उपकरणे लावू देणाऱ्या जोडणीवर) बाहेरची डिस्क, अडॅप्टर आणि आणखी काही लावले तर ती पुरत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी चौकट असते. तिथली खूण काढून टाका. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: यूएसबी 3.0 ची डिस्क चालू असताना तिच्या केबलजवळ 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये गोंगाट होतो. अडॅप्टर आणि बिनतारी माउस दोन्ही त्याच पट्ट्यात काम करत असतील, तर दोघेही अडखळतात. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर दूर ठेवले की हा त्रास बंद होतो.

व्हिडिओ लावल्यावर संगणक अडकतो, त्याची परीक्षा सोपी आहे. डिस्कवर साठवलेली एखादी व्हिडिओ फाइल ब्राउझर पूर्ण बंद करून साध्या प्लेअरमध्ये लावा. तीही अडकत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, रॅम किंवा वाढलेली उष्णता यांकडे पाहावे लागेल. पंख्यावर आणि प्रोसेसरच्या जाळीवर साचलेली धूळ हे याचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि रॅमसाठी विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नॉस्टिक' ही तपासणी आहे. फाइल नीट चालत असेल, तर दोष ब्राउझरच्या बाजूला आहे. ब्राउझर पडद्यावरचे चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवतो, याला हार्डवेअर ॲक्सेलरेशन म्हणतात, आणि जुन्या चिपचा जुना ड्रायव्हर ते पेलू शकला नाही की पडदा काळा होतो, चकाकतो किंवा थिजतो. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम' या भागात आणि फायरफॉक्समध्ये 'परफॉर्मन्स' या भागात हे बंद करता येते; बंद केल्यावर ब्राउझर पुन्हा सुरू करावा लागतो. याउलट संगणक अडकत नाही पण व्हिडिओ धक्के खात चालतो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, असे असेल तर कारण व्हिडिओच्या स्वरूपात आहे. आजची संकेतस्थळे व्हीपी9 आणि एव्ही1 या स्वरूपांत व्हिडिओ पाठवतात आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ग्राफिक्स चिप बहुधा एच.264 एवढेच स्वतः उलगडू शकतात. बाकीचे ओझे प्रोसेसरवर पडते. व्हिडिओची गुणवत्ता 480 वर आणली की तो हलका होतो.

राहिला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तिथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. सेल बदलून, ड्रायव्हर जुळवून आपला संगणक उत्तम चालू लागला, तरी तो सुरक्षित होत नाही. विंडोज 7 ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने 14 जानेवारी 2020 रोजी थांबली. क्रोमची 109 ही आवृत्ती विंडोज 7 वर चालणारी शेवटची होती. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या 110 पासून त्याला किमान विंडोज 10 लागते. आपल्याला दिसणारी पट्टी हेच सांगते आणि ती खरी आहे. फायरफॉक्सने 115 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज 7 साठी मूळ मुदतीनंतरही सांभाळली, पण तीही शेवटचीच आहे, आणि ब्राउझर कितीही सांभाळला तरी त्याच्या खालच्या विंडोजमधली भगदाडे उघडीच राहतात. म्हणून या संगणकावरून सध्या बँकेचे व्यवहार करू नका, आणि ज्या ई-मेलवर आपल्या बँकेचे पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात तो ई-मेलही त्यावर उघडू नका. लेखन, जुने फोटो, छपाई, संगीत यांसाठी तो खुशाल वापरा.

खरी पट्टी आणि खोटा इशारा यांतला फरकही सांगतो, कारण जुन्या ब्राउझरच्या वापरकर्त्यांना हेरून फसवणारे पुष्कळ आहेत. ब्राउझरचा स्वतःचा संदेश पत्त्याच्या पट्टीजवळ, पानाच्या बाहेर असतो. पानाच्या आत मोठ्या अक्षरांत 'आपल्या संगणकात व्हायरस सापडला' असे दाखवणारे, फोन करायला सांगणारे किंवा 'ब्राउझर अद्ययावत करा' म्हणून एखादी फाइल उतरवायला लावणारे सर्व संदेश खोटे समजावेत. फ्लॅश प्लेअर (पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि खेळ चालवणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करा, असे कोणी सांगितले तर तो संदेश निःसंशय फसवा आहे, कारण फ्लॅश 31 डिसेंबर 2020 रोजी कायमचा बंद झाला. पडद्याच्या कोपऱ्यात अशा जाहिराती सतत येत असतील, तर बहुधा कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या 'नोटिफिकेशन्स' मध्ये जाऊन अनोळखी नावे काढून टाका, आणि आपण स्वतः न बसवलेली एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, हेही हटवा. घरच्यांच्या संशयामुळे आपण दुसरे अँटिव्हायरस टाकण्याचा विचार करत असाल तर तो सोडा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासू लागले की यंत्र खरोखरच थिजते.

यंत्र टाकून देण्याची घाई मात्र करू नये. विंडोज 10 चीही सर्वसाधारण अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आहेत आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय व नवा प्रोसेसर आपल्या संगणकात नाही, म्हणून त्या वाटेने जाण्यात मला फायदा दिसत नाही. माझा कल लिनक्सकडे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत संगणकप्रणालीकडे आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती 2 जीबी रॅमवर सुरू होते आणि 4 जीबीवर बरी चालते. तिला 64 बिटचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज 32 बिटचे असले तरी प्रोसेसर 64 बिटचा असू शकतो. पेन ड्राइव्हवरून ती काहीही न बसवता चालवून पाहता येते. त्यातच आपले साउंड कार्ड, अडॅप्टर आणि प्रिंटर ओळखले जातात की नाही, हे कळते. शिवाय जे उपकरण तिथे नीट चालते त्याचा विंडोजमधला दोष ड्रायव्हरचा आहे, हार्डवेअरचा नाही, हेही सिद्ध होते. तो प्रयोग जमला आणि आपण लिनक्स कायमचे बसवायचे ठरवले, तर सोबत हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घालावी. जुन्या यंत्रात पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत, इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. लिनक्सवर ब्राउझर पुन्हा नियमित अद्ययावत होऊ लागला की बँकेचे कामही त्यावरून करता येईल.

सेल बदलून आणि आवाजाचे मुख्य उपकरण ठरवूनही आवाज जात राहिला, तर साउंड कार्ड काही दिवस पूर्ण काढून ठेवा आणि बाकीच्या तक्रारींत काही फरक पडतो का ते पाहा. त्यानंतर मला लिहाल तेव्हा 'डिव्हाइस मॅनेजर'मधल्या कोडचा आकडा, कार्डावरच्या सर्वांत मोठ्या चिपवर छापलेला क्रमांक आणि मदरबोर्डचे मॉडेल, एवढे तपशील कळवा.